भाऊबीजेला घर भरण्याआधी : लसीकरणाचे नियोजन कसे करावे

दिवाळीच्या आठवड्यात नाशिकमधले चार माणसांचे घर दहा-बारा माणसांचे होते. मुंबई-पुण्याला नोकरीसाठी गेलेली मुले परततात, मालेगाव, धुळे, संगमनेरहून लेकी-बहिणी मुलाबाळांसह मुक्कामाला येतात आणि सिडकोतल्या दोन खोल्यांतही सगळ्यांची अंथरुणे शेजारी शेजारी पडतात. याच दिवसांत गारवा वाढलेला असतो, आणि फटाक्यांच्या धुरामुळे संध्याकाळी खिडक्या लावून घेतल्या जातात. अशा बंद खोलीत पत्त्यांचा डाव रंगला, की एकाचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला येतो. फ्लू, गोवर, कांजण्या, डांग्या खोकला हे श्वासावाटे पसरणारे आजार आहेत, आणि त्यांना याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

ज्यांच्यावर असा सण पार पाडण्याची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे, ज्यांच्या घरी बाळाची पहिली दिवाळी आहे किंवा जे नोकरीनिमित्त नुकतेच सातपूर-अंबडकडे राहायला आले आहेत, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. किराण्याची यादी, फराळाची भाजणी, घराची रंगरंगोटी यांची आखणी आपण महिनाभर आधी करतो; लसींची आखणी मात्र कोणी करत नाही, कारण लस ही बाळाची बाब आहे असे आपण गृहीत धरलेले असते. शिवाय लस टोचली त्या क्षणी माणूस सुरक्षित होत नाही. शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होण्यास साधारणपणे दोन आठवडे लागतात. त्यामुळे धनत्रयोदशीला धावपळ करून घेतलेली फ्लूची लस भाऊबीजेला फारशी उपयोगी पडत नाही. हिशेब सणाच्या दिवसापासून मागे मोजत करावा लागतो, आणि त्याची सुरुवात घरातल्या सर्वांत नाजूक माणसापासून करावी लागते.

पहिले काम : नाजूक माणूस कोण ते ठरवणे

सणाला एकत्र येणाऱ्या सर्वांची नावे एका कागदावर लिहावीत आणि आजाराचा सर्वांत मोठा फटका कोणाला बसू शकतो ते पाहावे. सहा महिन्यांच्या आतले बाळ, गरोदर स्त्री, साठी ओलांडलेले आजी-आजोबा, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली व्यक्ती, कर्करोगावर केमोथेरपी घेत असलेली किंवा अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारी व्यक्ती, हे सगळे त्यात आले. यांपैकी काहींना काही लसी देता येत नाहीत आणि काहींच्या शरीरात लस पुरेसा परिणाम करत नाही. त्यांचे रक्षण त्यांच्याभोवतीच्या धडधाकट माणसांनी लस घेऊनच होते. तिशीतल्या मामाला फ्लू झाला तर तो तीन दिवस अंथरुणावर पडेल आणि उठेल. तोच फ्लू त्याच्याकडून दोन महिन्यांच्या भाचीला झाला तर तिला रुग्णालयात दाखल करावे लागू शकते. म्हणून त्या मामाची लस ही खरे तर भाचीची लस आहे.

बाळाच्या बाबतीत एक गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना जपण्याची आपली रीत आरोग्याच्या दृष्टीने उत्तम आहे. त्या काळात बाहेरची माणसे कमी येतात, बाळ फारसे हातोहाती फिरत नाही. मात्र सव्वा महिना संपला की आता काही भीती नाही अशा समजुतीने घर पाहुण्यांनी भरून जाते, आणि नेमके तेव्हा बाळाचे लसीकरण जेमतेम सुरू होत असते. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार जन्मतः बीसीजी (क्षयरोगाविरुद्धची लस), पोलिओ आणि कावीळ-ब यांचे डोस मिळतात. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांच्यासह पाच आजारांविरुद्धची पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते. गोवर-रुबेलाची म्हणजे एमआरची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मिळते. म्हणजे सव्वा महिन्याच्या बाळाला डांग्या खोकल्याविरुद्ध पहिला डोससुद्धा बहुधा मिळालेला नसतो, आणि गोवराची लस तर अजून पावणेआठ महिने दूर असते. फ्लूची लसही ६ महिन्यांआधी देता येत नाही. या मधल्या काळात बाळाला वाचवते ती आईकडून मिळालेली थोडी प्रतिकारशक्ती आणि आजूबाजूच्या माणसांचे लसीकरण.

याच कारणासाठी बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीच्या लसींकडे विशेष लक्ष द्यावे. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी टीडी ही लस मिळते, ती धनुर्वात आणि घटसर्पापासून वाचवते. तिच्यात डांग्या खोकल्याचा घटक नसतो. तो टीडॅप या लसीत असतो आणि गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत ती घेतल्यास आईच्या शरीरातली प्रतिपिंडे, म्हणजे आजाराशी लढणारे घटक, बाळापर्यंत पोहोचतात. ही लस खासगी डॉक्टरांकडे मिळते. बाळाला सतत घेणारे आजी-आजोबा, मावशी, काका यांनीही एकदा टीडॅप घेतलेली असावी असा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात आणि तो मानण्यासारखा आहे, कारण मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर तो अनेकदा ‘जुनाट खोकला’ म्हणून अंगावर काढला जातो आणि बाळाला मात्र त्यात श्वास थांबण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रीला फ्लूची लस देता येते आणि द्यावी. एमआर, एमएमआर (गोवर-रुबेलासोबत गालगुंडाचीही लस) आणि कांजण्यांची लस या जिवंत विषाणूंच्या लसी मात्र गरोदरपणी देत नाहीत.

दुसरे काम : कार्डे बाहेर काढणे

घरातल्या प्रत्येक मुलाचे माता व बाल संरक्षण कार्ड कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवावे आणि रिकाम्या चौकटी शोधाव्यात. सर्वांत जास्त विसरल्या जाणाऱ्या मात्रा वर्षाच्या पुढच्या असतात : १६ ते २४ महिन्यांमधली एमआरची दुसरी मात्रा आणि डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचा, पहिला बूस्टर, ५ ते ६ वर्षांमधला डीपीटीचा दुसरा बूस्टर, आणि १० व १६ वर्षांची टीडी. बाळ चालू लागले की पालकांचे केंद्रात जाणे थांबते आणि दुसरी एमआर राहून जाते. ती का महत्त्वाची आहे हे नाशिक जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबई आणि भिवंडीबरोबर आपल्या मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला होता. त्या वेळी केंद्र सरकारने उद्रेकाच्या भागांत मुलांना एमआरचा जादा डोस देण्याचा, आणि जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांना गोवर होत होता तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस देण्याचा सल्ला राज्यांना दिला. असा लवकर दिलेला डोस नेहमीच्या दोन मात्रांत धरला जात नाही. त्या दोन्ही ठरल्या वेळी घ्याव्याच लागतात.

गोवर हा अतिशय वेगाने पसरणारा आजार आहे. लस न घेतलेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो, रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो, आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण इतरांना संसर्ग देत असतो. म्हणजे भाऊबीजेच्या दिवशी फक्त सर्दी आणि तापाची कणकण असलेले, डोळे लाल झालेले मूल घरभर खेळून जाते, आणि तो गोवर होता हे घरी परतल्यावर कळते. एमआरच्या दोन मात्रा घेतलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्त्याण्णव मुले गोवरापासून सुरक्षित राहतात. इतके खात्रीचे संरक्षण देणाऱ्या लसी फार नाहीत, आणि ही सरकारी केंद्रात फुकट मिळते.

कार्ड हरवले असेल तर घाबरू नये. ज्या केंद्रात लस घेतली तिथल्या नोंदवहीत माहिती असते, अलीकडच्या बाळांची नोंद यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण प्रणालीवर मोबाइल क्रमांकावरून सापडू शकते. कुठेच काही मिळाले नाही तर एमआरची मात्रा पुन्हा घेण्याने अपाय होत नाही. नोंद नाही म्हणजे लस नाही असे धरून डॉक्टर पुढचे ठरवतात. राहिलेली एमआर सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत देता येते. मूल ज्या गावी जन्मले तिथेच त्याची लस घ्यावी असा कोणताही नियम नाही. सुरगाणा-पेठकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामासाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांना जवळच्या केंद्रात लस मिळू शकते, आणि तुमच्याकडे मुक्कामाला आलेल्या भाचरांनाही ती इथेच देता येते. त्यांचे कार्ड तेवढे सोबत आणायला सांगावे.

कांजण्या, गालगुंड आणि टायफॉइड यांच्या लसी केंद्रात मिळणाऱ्या यादीत नाहीत. त्या खासगी बालरोगतज्ज्ञांकडे घ्याव्या लागतात. खर्चाचा विचार करून यांतली एखादी मागे ठेवावी लागली तरी एमआर आणि डीपीटी मागे पडता कामा नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे काम : पंचांग घेऊन तारखा मागे मोजणे

आपले सण या हिशेबाला छान मदत करतात. दसरा आणि लक्ष्मीपूजन यांत सुमारे वीस दिवसांचे अंतर असते. म्हणून मोठ्या माणसांची फ्लूची लस दसऱ्यापर्यंत उरकली, की प्रतिकारशक्ती तयार होण्यास दोन आठवडे मिळून वर चार-पाच दिवस हाताशी राहतात. ज्यांचे वय ६ महिने ते ८ वर्षे आहे आणि ज्यांना फ्लूची लस आयुष्यात पहिल्यांदाच द्यायची आहे, अशा मुलांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. गौरी-गणपतीचे विसर्जन झाले की लगेच पहिला आणि दसऱ्याला दुसरा, असे धरले तर अंतर बरोबर बसते. मध्ये पितृपक्ष येतो म्हणून डोस लांबवण्याचे काही कारण नाही.

दिवाळीपुरते हे ठीक असले तरी नाशिकमध्ये, आणि एकूणच पश्चिम भारतात, फ्लूची सर्वांत मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येते, आणि जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी लहान लाट दिसते. म्हणजे गणेशोत्सवाची गर्दी भर लाटेत होते. त्यामुळे आदर्श वेळ मे-जूनची, शाळा सुरू होण्याच्या आसपासची. ज्यांनी तेव्हा लस घेतली आहे त्यांनी दसऱ्याला पुन्हा घ्यावी का, हे वय आणि आजार पाहून डॉक्टरांना ठरवू द्यावे, कारण फ्लूच्या लसीचे संरक्षण काही महिन्यांत उतरत जाते. ज्यांची मेमधली वेळ हुकली त्यांनी ‘आता पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून बसू नये.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते, आणि लसीच्या खोक्यावर ती कोणत्या हंगामाची आहे हे छापलेले असते. ते आणि मुदतीची तारीख, दोन्ही पाहूनच लस घ्यावी. ही लस गोवराच्या लसीइतकी खात्रीची नाही हेही मान्य केले पाहिजे. लसीतले आणि फिरणारे विषाणू जुळले तर डॉक्टरांकडे जावे लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. मात्र लस घेऊनही आजार झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता घटते, आणि सत्तरीतल्या दमेकरी आजोबांच्या बाबतीत हा फरक घरी औषध घेण्याचा की अतिदक्षता विभागात जाण्याचा असतो.

चौथे काम : मोठ्यांच्या इतर लसी

साठीच्या पुढच्या आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्या प्रौढांनी न्यूमोकोकल लसीबद्दल विचारावे. फ्लूनंतर अनेकदा जो न्यूमोनिया जडतो त्याच्या एका मुख्य जिवाणूविरुद्ध ती काम करते, ती दरवर्षी घ्यावी लागत नाही, आणि फ्लूच्या लसीबरोबर एकाच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते. कोविडच्या नव्या मात्रेची गरज आहे का, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावे. हज किंवा उमरा करण्यास जाणाऱ्यांना मेनिंगोकोकल (एका प्रकारच्या मेंदूज्वराविरुद्धची) लस बंधनकारक असते, ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी झालेली असावी.

लहानपणी कांजण्या न आलेल्या आणि लसही न घेतलेल्या प्रौढाने, विशेषतः घरात लवकरच पाळणा हलणार असेल तर, त्याआधीच कांजण्यांच्या दोन मात्रा पूर्ण कराव्यात. लग्न ठरलेल्या मुलींनी एमएमआर आणि कांजण्यांच्या लसींचा विचार लग्नाआधीच केला तर सोपे जाते, कारण जिवंत विषाणूंची लस घेतल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. अशा दोन जिवंत लसी एकाच दिवशी तरी घ्याव्यात किंवा त्यांत चार आठवड्यांचे अंतर तरी ठेवावे.

पाचवे काम : कुठे जायचे आणि तिथे काय पाहायचे

नाशिक महानगरपालिकेची शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रे बहुतेक भागांत आहेत. त्याशिवाय कथडा परिसरातले डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, नाशिकरोडचे बिटको रुग्णालय, पंचवटीतले इंदिरा गांधी रुग्णालय, मोरवाडीचे स्वामी समर्थ रुग्णालय आणि त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय ही मोठी ठिकाणे आहेत. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि अंगणवाडीतले लसीकरण सत्र असते. कोणत्या वारी कोणती लस आहे हे आशाताईंना किंवा केंद्रातल्या सिस्टरना आधी विचारून घ्यावे. राज्याच्या आरोग्य विभागाने गरोदर माता आणि मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्यांना फ्लूची लस मोफत दिलेली आहे. साठा मर्यादित असतो, म्हणून आपल्या केंद्रात ती आहे का याची चौकशी लवकर करावी. बाकीच्यांना ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते, आणि कंपनीनुसार किंमत बदलत असल्याने आधी फोन करणे बरे.

केंद्रात लसीची बाटली हातात घेऊन दाखवण्याची विनंती सिस्टरना जरूर करावी. त्यात गैर काही नाही. सरकारी पुरवठ्यातल्या बाटलीवर नखाएवढे एक जांभळट वर्तुळ छापलेले असते आणि त्याच्या आत एक लहान चौकोन असतो. बाटलीला उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस उष्णतेने बिघडलेली नाही. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला तर ती बाटली वापरायची नसते. एमआरची लस भुकटीच्या रूपात असते आणि सोबतच्या द्रावणात ती मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरून संपवावी लागते, म्हणून सिस्टर बाटली उघडल्याची वेळ तिच्यावर लिहितात. सुई प्रत्येक मुलासाठी नवी, एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी असते. हे सगळे डोळ्यांसमोर घडताना पाहिले, की आजीच्या मनातली निम्मी शंका तिथेच फिटते.

औषधाच्या दुकानातून फ्लूची लस विकत घेऊन डॉक्टरांकडे नेण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती शक्य तो टाळावी. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत ती टिकत नाही, आणि बर्फात थेट खुपसून गोठवली तरीही वाया जाते. घरच्या फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशव्यांशेजारी ती आठवडाभर ठेवणे तर अजिबात योग्य नाही. डॉक्टरांच्याच शीतपेटीतली लस घ्यावी.

लस देणाऱ्यांना पूर्वीच्या लसीचा तीव्र त्रास, चालू औषधे, गरोदरपण आणि प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार यांची माहिती आपणहून द्यावी. साधी सर्दी किंवा किरकोळ खोकला असल्यास लस पुढे ढकलण्याची गरज नसते. चांगला ताप असेल तर तो उतरल्यावर घ्यावी. फ्लूच्या लसीत अंडे असते का, हा प्रश्न शाकाहारी घरांतून हमखास येतो, त्याचे खरे उत्तर द्यायला हवे : बहुतेक फ्लू लसींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेला असतो. ज्यांना अंड्याची अॅलर्जी आहे त्यांनी ते सांगावे, पण त्यांतल्या बहुतेकांनाही ही लस घेता येते.

टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसावे. तीव्र अॅलर्जी फार क्वचित होते, पण झाली तर बहुधा याच वेळेत होते आणि तिच्यावरचा उपचार केंद्रात तयार असतो. निघण्याआधी सिस्टर चार गोष्टी सांगतात : कोणती लस दिली, पुढची केव्हा, काय त्रास होऊ शकतो आणि कार्ड जपून ठेवावे. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस कणकण असणे हे नेहमीचे आहे. टोचल्या जागी चोळू नये, शेकू नये, हळद-तेल लावू नये. फ्लूच्या टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लसीमुळे फ्लू झाला असे होत नाही. एमआरनंतर मात्र पाच ते बारा दिवसांनी सौम्य ताप किंवा थोडे पुरळ येऊ शकते. ते इतरांना लागत नाही, पण ऐन नरकचतुर्दशीला मूल किरकिरे होऊ नये असे वाटत असेल तर ही लस दसऱ्याच्या आतच घेतलेली चांगली.

सहावे काम : पाहुण्यांशी बोलणे

हे सर्वांत अवघड काम आहे, आणि नव्या सुनेवर ते एकटीने सोपवू नये. ज्याच्या बाजूचे नातेवाईक, त्याने बोलावे. बोलणे आमंत्रणाच्या वेळीच झाले तर कोणाला लागत नाही. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला खोकल्याबद्दल विचारणे कोणालाच शोभत नाही. ‘आत्या, बाळ तीन महिन्यांचं आहे, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. आम्ही सगळ्यांनी फ्लूची लस घेतली, तुम्ही आणि काकांनीही घेतली तर आम्हाला निर्धास्त वाटेल,’ एवढे पुरते. आणि ऐनवेळी कोणी आजारी पडलेच तर, ‘तुमचा ताप-खोकला थांबला की चार दिवस राहायलाच या, ओवाळणी काही पळून जात नाही,’ असे हसत सांगावे. भाऊबीज कार्तिकात पुढे कधीही साजरी करता येते, आणि व्हिडिओ कॉलवर ओवाळून घेणारे भाऊ आता सगळ्याच घरांत आहेत.

औषध न घेता चोवीस तास ताप आलेला नाही, हा पाहुण्याने घराबाहेर पडण्याचा किमान निकष असावा. क्रोसिन घेऊन ताप उतरवून येणे हा निकष नव्हे. लस घेतलेली असली तरी आजारी माणसाने घरीच थांबावे. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग देऊ शकतो. बाळाचे पापे घेण्यास मनाई आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी सांगितले तर सगळे ऐकतात.

सणाच्या दिवसांत

लस सगळ्या आजारांवर नसते, म्हणून थोडी साधी काळजी घ्यावी लागते. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात, पत्ते आणि गप्पा शक्य तर गच्चीवर किंवा अंगणात हलवाव्यात, अभ्यंगस्नानाला प्रत्येकाचा पंचा वेगळा असावा, आणि फराळाच्या ताटाजवळ हात धुण्याची सोय असावी. खोकणाऱ्याने मास्क लावावा. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, डासांमार्फत पसरतो. त्यासाठी पाणी साठू न देणे हाच उपाय.

रंगपंचमीला रहाडींवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांवर, लोटणारी गर्दी, वणीच्या गडावरची यात्रा, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या दिंड्या आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या सिंहस्थ पर्वण्या यांनाही हाच हिशेब लागू होतो. फक्त तिथे बाहेरचे अन्न-पाणी अधिक, म्हणून टायफॉइड आणि कावीळ-अ यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. सिंहस्थात पंचवटीतल्या ज्या घरांत नातेवाईक उतरणार आहेत, त्यांनी त्यांना पत्ता कळवताना लसींचेही कळवावे.

सण झाल्यावरचे पंधरा दिवस

पाहुणे गेले की आपण हुश्श करतो, पण काही आजार तेव्हाच उघड होतात. फ्लू एक ते चार दिवसांत दिसतो. गोवराचे पुरळ संसर्गानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी उमटते, म्हणजे भाऊबीजेला लागलेला गोवर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास अंगावर दिसू लागतो. कांजण्यांना दहा ते एकवीस दिवस लागतात. तोवर जमलेल्या सगळ्यांचा व्हॉट्सअॅप गट मोडू नये. एखाद्या मुलाला ताप आणि पुरळ आले तर लपवून न ठेवता त्याच दिवशी गटावर कळवावे, मुलाला थेट गर्दीच्या दवाखान्यात न नेता आधी फोन करून वेगळे बसण्याची सोय विचारावी, आणि आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला खबर द्यावी. ‘देवी आल्या’ म्हणून मुलाला घरात कोंडून ठेवल्याने ना त्याला जीवनसत्त्व-अ ची मात्रा वेळेवर मिळते, ना शेजारच्या बाळाला लस.

ही खबर लवकर मिळण्याला एक ठोस कारण आहे. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत एमआरची लस दिली, तर लस देण्याजोग्या वयाच्या मुलांत आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. लहान बाळ आणि गरोदर स्त्री यांना लस देता येत नाही. त्यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते का, हे डॉक्टर ठरवतात. कांजण्यांच्या बाबतीत लस तीन, फार तर पाच दिवसांच्या आत द्यावी लागते. म्हणून पुरळ पाहणाऱ्याने निरोप सविस्तर द्यावा : पुरळ कोणत्या तारखेला दिसले, त्याआधीच्या चार दिवसांत मूल कोणाकोणाच्या घरी गेले, कोणाबरोबर जेवले-झोपले, आणि त्या घरांत एक वर्षाखालचे बाळ किंवा गरोदर बाई आहे का.